निळ्या बुचाची बाटली

उरण,
बुधवार, १२ मार्च २०२५

चि. हर्षद यास वहिनीचे आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. इकडे ठीक आहे. आंब्याला मोहोर बरा आहे, विहिरीला पाणी आहे, माझा गुडघा आहे तसाच आहे. जे लिहायचं आहे ते फोनवर लिहिण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला. किशोरी उद्या पापड न्यायला येईल, तिच्या हाती देते. पाकीट चिकटवलेलं नाही. तुझी बायको आहे, तिने वाचलं तरी चालेल.

गाडीला गिऱ्हाईक यायचं आहे, तेव्हा डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो का बघा, असं तू लिहिलंस. बघितलं. शेडमध्ये जाऊन कव्हर काढलं. दार उघडताच तो गोडसर, उग्र वास आला. बाहेर येऊन चूळ भरली, परत गेले. चावी फिरवली. दिवा लागतो. डिकीतल्या टाकीत तुझं ते फवाऱ्याचं मिश्रण संपत आलं आहे, एवढं त्या दिव्याला अजून कळतं. पंप चालतो का, हे गाडी जागेवर उभी असताना मला सांगता येणार नाही. टर्बोचा दाब चढल्याशिवाय तो फवारत नाही, हे मीच तुला वाचून दाखवलं होतं.

आठवतं ना? पंपासोबत आलेलं पुस्तक इंग्रजीत. तू दहावी नापास, मी सातवी पास, पण डिक्शनरी घेऊन बसायची मला सवय. चार दुपारी ओट्यावर मी वाचत होते आणि तू जोडत होतास. टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, फार तापली की इंजिनात ठोके बसतात. म्हणून पाणी आणि मिथेनॉल निम्मं-निम्मं करून त्या हवेत फवारायचं. नोझल माझ्या लोणच्याच्या बरणीत सोडून तू मिनिटभर फवारा मोजलास. फवारा अडला तर टर्बोचा दाब आपोआप उतरावा म्हणून वेगळी वायर ओढलीस. मोठ्या अभिमानाने म्हणालास, "वैनी, आता गाडीला काय व्हनार न्हाय."

गाडीला काही झालं नाही.

त्याच पुस्तकात मी वाचलं, मिथेनॉल हे विष आहे, पाण्यासारखं दिसतं, पिण्याच्या बाटलीत कधी भरू नये. तू हसलास. "आपले घरान पितो कोन? दादा तर हलदीन पन सरबतच मागतो." मीही हसले. हळदीच्या रात्री सगळा मांडव पितो आणि तुझे दादा सरबत, म्हणून गावात त्यांना सरबतशेठच म्हणायचे. मग कॅन जड म्हणून तू लिटरच्या पाण्याच्या बाटल्यांत मिश्रण करून ठेवायला लागलास. निळ्या बुचाच्या. मी पाहिलं आणि बोलले नाही. घरातल्या हुशार दिराला किती वेळा टोकायचं, असं वाटलं.

आता गाव काय म्हणतं ते तुला ठाऊक नसेल, कारण तू पनवेलला जाऊन बसलास. परवा बचत गटात काशी सगळ्यांदेखत म्हणाली, "सरबतशेठचा सरबत लय कडक निघाला गो!" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी चहाचा कप खाली ठेवला आणि घरी आले. मला त्यांची किळस आली. मग वाटलं, त्यांची कशाला? त्यांना जे सांगितलं तेच त्या बोलतात.

सांगितलं तू. गेल्या वर्षी त्या हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या दादांना दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, रात्रीपासून उलट्या आहेत, काय घेतलं होतं? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "हलदीन थोरी जास्त झाली, डॉक्टर." त्यांनी सलाईन लावलं आणि दुपारी घरी पाठवलं. संध्याकाळी तुझे दादा मला म्हणाले, "आज येवरा धुका कसा गो परला?" बाहेर लख्ख उजेड होता. पहाटे गेले.

वर्षभर मी तुला मनात शिव्या दिल्या. मिथेनॉल आधी नजर नेतं, पण त्यावर औषध आहे, वेळेत कळलं तर माणूस वाचतो, हेसुद्धा मी नंतर वाचून काढलं. तू गाडीला आणि तुझ्या गॅरेजला जपलंस. पोलीस नकोत म्हणून सख्ख्या भावाला दारुडा केलंस. थू तुझ्यावर, असं लिहायलाच बसले होते. पण अर्धं लिहिलेलं पत्र खोट्यासारखंच असतं.

हर्षद, ती बाटली मी दिली.

हळदीला निघायच्या आधी ते ब्लडप्रेशरची गोळी हातात घेऊन उभे होते. उन्हातून आले होते, घाई होती. ओट्यावर निळ्या बुचाची बाटली होती, पाण्याची समजून मी ती पुढे केली. बाटलीला तोंड न लावता वरून ओतून प्यायची त्यांची सवय. चव लागेपर्यंत चार-पाच घोट उतरले होते. म्हणाले, "पानी कसा लागतं गो?" मी म्हटलं, "बाटली उन्हात तापलीय." उरलेलं मी मोरीत ओतलं.

आणि दवाखान्यात तू हळदीचं बोललास तेव्हा मला ती बाटली आठवली होती. नंतर नाही, तेव्हाच. मी गप्प बसले. दारूने झालं असेल तर माझ्या हाताने झालेलं नाही, असं मला वाटलं. तुझं खोटं मला बरं वाटलं, हर्षद. त्या वाटण्याची मला जितकी किळस आहे, तितकी त्या वासाचीही नाही.

डिकीत तसल्या चार बाटल्या अजून भरलेल्या आहेत. प्रत्येकीवर मी कागद चिकटवला आहे आणि लाल खडूने 'विष' लिहिलं आहे. गिऱ्हाईकाला मी स्वतः दाखवीन, गाडी विकली जावो न जावो.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी त्यांचं वर्षश्राद्ध आहे. भावकी जमेल. पंगत बसायच्या आधी मी उभी राहून बोलणार आहे. आधी माझं सांगेन, बाटली कुणी दिली ते. ती कुणी भरली, हे तू सांगायचं आहेस. तू आला नाहीस तर तुझं नाव मी घेणार नाही. पण ते दारू पीत नव्हते, एवढं मी सगळ्यांसमोर म्हणेन, आणि मग लोक विचारतील.

आलास तर तुझं पान मी माझ्या हाताने वाढीन. पाणी मात्र तू तुझं ओतून घे.

माझ्या हाताचं पाणी आता कुणी पिऊ नये असं वाटणारी,
तुझी वहिनी