फळ्यावरचं नाव

गुरुजी, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि आज तुमच्या फळ्यापायी लिहायला बसलो आहे. शाळेच्या ओट्यावरचा तो काळा फळा. परिपाठाला रोज एकाने गावातली एक बातमी त्यावर लिहायची. सहावीत असताना मी लिहिलं, 'खाणीत दरड कोसळून एक मजूर ठार.' तुम्ही वाचलंत, डस्टरने 'एक मजूर' एवढंच पुसलंत आणि म्हणालात, "याला आईने नाव ठेवलं असेल. विचारून ये. तोवर प्रार्थना थांबेल." अख्खी शाळा उन्हात उभी आहे आणि मी खाणीकडे पळतो आहे.

इथे सिंगापुरात, बुकित तिमाहला आमच्या काँडोसमोर नवी इमारत उठते आहे. गेल्या मंगळवारी तिथे परांचीवरून पडून एक कामगार दगावला. दुसऱ्या दिवशी बातमी आली ती रस्ता बंद राहिल्याची. चौथ्या परिच्छेदात तो: परदेशी कामगार, वय चौतीस. त्याच पानावर कुणाच्या तरी कुत्र्याचा वाढदिवस होता. कुत्र्याचं नाव मात्र मथळ्यातच. मग रविवारी विषमतेवर पानभर लेख. भल्यामोठ्या फोटोत सिमेंटने माखलेले दोन हात, मनगटाच्या वर माणूस नाही. लिहिणाऱ्याचा चेहरा तेवढा पूर्ण, हसरा. असल्या कळवळ्याची मला शिसारी येते. गरिबी फोटोत छान दिसते, एवढंच यांचं तिच्याशी नातं.

संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून त्या माणसासाठी हात जोडले आणि अडलो. कुणासाठी म्हणून मागू? म्हणून वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन केला. पलीकडची बाई अगदी गोड बोलली. नाव त्यांनी विचारलंच नव्हतं, बातमीला त्याची गरज नव्हती म्हणे. वर मलाच विचारते, समोरच राहता तर धुळीचा त्रास होतो का, त्यावर दोन वाक्यं द्याल का. मुलगी शेजारी बसून ऐकत होती. इथल्या ढंगात म्हणाली, "बाबा, एवढ्या खालपर्यंत कोणी रीड करत नाही, ला." मग मी तिला तुमच्या फळ्याची गोष्ट सांगितली, चांगली रंगवून. तिने शांतपणे विचारलं, "मग काय नाव होतं त्याचं?"

मी पाणी प्यायला उठलो.

गुरुजी, खाणीपर्यंत मी गेलो होतो. झोपडीच्या दारात त्याची बायको बसली होती. तिच्यासमोर मला तोंड उघडवेना. परतताना ओढ्यापाशी थांबून मी एक नाव ठरवलं. तुम्ही ते ठळक अक्षरांत फळ्यावर लिहिलंत आणि शाळेने त्या नावासाठी डोळे मिटले. खाणीवरची माणसं आठवड्यात दुसरीकडे गेली. तुम्ही मला शाईचं पेन बक्षीस दिलंत.

समोरच्या बांधकामाचं फाटक आमच्या दारापासून शंभर पावलांवर आहे. त्याच्याबरोबर काम करणारे रोज दुपारी तिथे सावलीत जेवायला बसतात. बुधवारपासून मी वर्तमानपत्राला नावं ठेवतो आहे, आणि तिथवर अजून गेलेलो नाही.