नर्सिंगच्या रजिस्टरवर तुमचं नाव

बाबा,

गेल्या आठवड्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुखणं वाढल्यावर इंजेक्शन द्यायला दोन सिस्टर आल्या. एकीने औषधाचं नाव मोठ्याने वाचलं, दुसरीने काचेची कुपी उजेडात धरून बघितली, मग दोघींनी सह्या केल्या. दोघी कशाला, असं विचारलं तर एक म्हणाली, "या औषधांना असंच असतं, काकू." मला ते माहीत होतं, तुमच्यामुळेच. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय.

तुम्ही फौजेतून घरी आलात तेव्हा मी अकरावीत होते. आईची विद्यापीठाच्या ऑफिसात नोकरी होती, म्हणून आपण साताऱ्याला परत न जाता चंदीगडलाच राहिलो. आईने मला एवढंच सांगितलं होतं की जीपच्या अपघातात तुमची पाठ दुखावली, दुखणं थांबवणारी पेथिडिनची इंजेक्शनं घ्यावी लागली, आणि पाठ बरी झाल्यावरही ती सुटेनात. फौजेच्या हॉस्पिटलात तुम्ही नर्सिंगचंच काम करत होता, औषधांचं कपाट हाताशी होतं. पकडले गेलात, नोकरी गेली. मग काही महिने व्यसन सोडवायला दाखल झालात आणि घरी परतलात ते निम्मे होऊन. चंदीगडच्या जूनमध्येही तुम्ही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद ठेवायचात.

बाहेर नर्स म्हणून काम करायचं तर नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरवर नाव लागतं. फौजेतलं तुमचं शिक्षण त्यांना चालत होतं. अडचण अर्जातल्या एका प्रश्नाची होती : आधीच्या नोकरीतून काढलं असेल तर कारण लिहा. फौजेच्या कागदांवर नुसतं 'सेवेची आवश्यकता नाही' असं होतं. कौन्सिलच्या कारकुनानेच तुम्हाला चांगुलपणाने सुचवलं होतं, "फौजी साहब, घरेलू कारण लिख दो. कौन पूछता है?" मला अजून दिसतं, आई पोळ्या लाटतेय आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे आहात. आई म्हणते, "अहो, लिहा ना तसं. कुणाचं काय बिघडतंय?" तुम्ही म्हणता, "अगं, उद्या ते मला त्याच कपाटाची चावी देणार. कुणाच्या हातात देतोय ते त्यांना कळायला नको?" आईने लाटणं आपटलं. त्या दिवशी पोळ्या जाड झाल्या.

तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून कौन्सिलने तुम्हाला समितीसमोर बोलावलं. आईने मला मुद्दाम बरोबर पाठवलं. मुलगी जवळ असली तर तुम्ही जरा जपून बोलाल, असा तिचा हिशेब. पंजाबातल्या दहशतवादाचे ते दिवसच असे होते की माणूस घराबाहेर पडला की घरचे परत येईपर्यंत घड्याळ बघत. बेवारस ट्रान्झिस्टरला हात लावू नका, त्यात बॉम्ब असू शकतो, असं बसस्टॉपवर लिहिलेलं असायचं. आपण स्कूटरवरून गेलो. मी बाहेर बाकावर बसले. उकाड्यामुळे समितीच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि आतलं सगळं ऐकू येत होतं. एक पांढऱ्या केसांच्या मॅडम विचारत होत्या. किती काळ घेत होता, सोडून किती दिवस झाले, तुम्ही उत्तरं देत होता. मग त्यांनी विचारलं, "किसी मरीज़ के हिस्से का लिया था?"

आत शांतता झाली. मग तुमचा आवाज आला. "जी. लिया था."

हे मला माहीत नव्हतं. आईला तरी माहीत होतं की नाही, मी कधीच विचारलं नाही. तुम्ही बाहेर आलात आणि म्हणालात, "आत्ता नाही म्हणाले. एक वर्ष औषधांना हात न लावता काम करायचं, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणायचं, मग बघू." परत येताना नाक्यावर आपल्याला अडवलं. पोलिसाने डिकी तपासली आणि कामधंद्याचं सहज विचारलं, "की कम्म करदे ओ?" तुम्ही म्हणालात, "कुछ नहीं जी. अभी कुछ नहीं." घरी आल्यावर मी तुमच्यावर ओरडले, रागात हिंदीतूनच. मरीज़वाली बात क्यों बताई, झूठ बोल देते, क्या जाता? तुम्ही मला कधी रागावत नव्हता, त्या दिवशी रागावलात. "ज्या जवानाचं अर्धं इंजेक्शन मी घेतलं, तो कण्हत होता आणि मी त्याला सांगत होतो, थोडा धीर धर. त्याला मी काय घरगुती कारण सांगू?"

मग वर्षभर तुम्ही चंदीगडशेजारच्या पंचकुल्यातल्या एका नर्सिंग होममध्ये वॉर्डबॉय होता. बेडपॅन, चादरी, स्ट्रेचर. बसमधल्या स्फोटातली माणसं तिथे आणली तो दिवस तुम्ही नंतर आईला सांगितलात, मी शेजारच्या खोलीत होते. एका म्हाताऱ्या सरदारजींचा पाय गेला होता, ते ओरडत होते. डॉक्टर भरलेली सिरिंज तुमच्यापुढे धरून म्हणाले, "फौज में रहे हो, लगा दो यार!" तुम्ही हात मागे घेतलात. "मेरा रजिस्ट्रेशन नहीं है, डॉक्टर साहब. सिस्टर को लाता हूँ." आणि जिन्याकडे पळालात. "ती येईपर्यंत ते ओरडत होते गं," एवढं म्हणून तुम्ही ताट सरकवल्याचं मला ऐकू आलं.

दुसऱ्या खेपेला त्याच मॅडम होत्या. नाव चढलं, पण अटीवर : सुरुवातीला औषधांच्या कपाटाची चावी मिळणार नाही, आणि अशा औषधाचं प्रत्येक इंजेक्शन दुसऱ्या नर्ससमोर. तुमच्यापेक्षा कितीतरी लहान मुली तुमच्या हाताकडे लक्ष ठेवून उभ्या राहायच्या. तुम्ही त्यांना 'सिस्टर जी' म्हणायचात. पुढे अट उठली, चावी मिळाली. त्या संध्याकाळी तुम्ही फक्त चहा पुन्हा मागितलात. आम्हाला कळलं ते आईने युनिफॉर्म धुवायला घेतला तेव्हा, खिशातून चावी निघाली म्हणून. ती वॉर्डात परत द्यायला तुम्ही ओल्या चपलांनीच धावलात. निवृत्त होईपर्यंत तुम्ही तेच काम केलंत आणि नंतर फार जगला नाहीत.

माझ्या मुलांना मी ही गोष्ट नेहमी सांगते. आजोबा खरं बोलले, म्हणून पुढे सगळं नीट झालं, अशी. ती ऐकतात, "ग्रेट थे नानाजी" म्हणतात आणि मोबाइलमध्ये डोकं घालतात. हे पत्र मी त्यांना दाखवणार नाही, तुम्हाला तर पाठवणार कुठे. पण एक मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. त्या मॅडमनी प्रश्न विचारला आणि आत शांतता झाली, तेव्हा बाकावर बसून मी मनात म्हणत होते, बाबा, नाही म्हणा, नाही म्हणा. बाबा, आज मला पुन्हा त्या बाकावर बसवलं, तरी मी तेच म्हणेन.