बाळाबाईंच्या मुंग्यांचं पक्कं घर

९ एप्रिल
मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. मुंग्यांच्या वारुळात वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम ओततात, गार झालं की खणून काढतात. आतल्या वाटा-दालनांचं चंदेरी झाड हाती येतं. संकल्प: भोर तालुक्यातला पहिला पिपीलिका-शिल्पकार व्हायचं. बातमीही आपणच पाठवायची, वार्ताहर आपणच. मथळा तयार. शिल्प बाकी.

११ एप्रिल
कामथडीला बाळाबाईंच्या शेतात नामी वारूळ. ट्रॅक्टरवाल्याला त्या तेवढी जागा सोडायला लावतात. परवानगी मागितली. सगळं खरं सांगितलं: धातू ओततो, हजार वर्षं टिकेल. फक्त मुंग्यांचा उल्लेख राहिला. बाई हरखल्या. "करा गुरुजी! पावसाळ्यात घर बुडतं त्यांचं, अंडी तोंडात धरून पळत्यात बिचाऱ्या." (एकदा त्यांच्याकडे सत्यनारायण सांगितला, तेव्हापासून गुरुजी.) गैरसमज दूर करणार, तोच त्यांनी वितळवायला घरातलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं आणून हातात दिलं. "आमच्याबी हातचं कायतरी लागू द्या." हात भरलेले असताना तोंड उघडणं बरं दिसत नाही.

१२ एप्रिल
उद्या जाऊन सांगतो.

१५ एप्रिल
सांगितलं नाही. एसटी चुकली. नंतरच्या तीन चुकल्या नव्हत्या, पण उत्साह गेला.

१७ एप्रिल
सुलूनं विचारलं, मुंग्यांचं काय? म्हटलं, भर दुपारी सगळ्या कामावर असतात, घर रिकामं. "अहो, आणि राणी? अंडी?" बायकोचा स्वभाव मुळातच नकारात्मक. तिचा हेअर ड्रायर भट्टीला वारा घालायला नेतोय, हे आताच सांगण्यात अर्थ नाही.

२० एप्रिल, दुपारी
ओतलं. ओतताना खालून बारीक चर्र आवाज आला. ओलावा असणार. ओलावाच. बाळाबाई लांब हात जोडून उभ्या होत्या.

संध्याकाळी
खणलं, धुतलं. अप्रतिम! एका दालनाच्या भिंतीत काळे ठिपके आहेत. नखानं निघत नाहीत. मोजले नाहीत.
बाळाबाई म्हणाल्या, "लई देखनं झालं. आता पुरा परत."
म्हटलं, पुण्याला प्रदर्शनात…
"आन् त्या कुठं ऱ्हायच्या तवर?"
पुरलं.

२३ एप्रिल
बाळाबाईंचा फोन. रोज वारुळाच्या तोंडाशी पीठ टाकतात, कुणी शिवत नाही. "नव्या घरात करमत नसंल का वो त्यास्नी?" म्हटलं, वेळ लागतो. आवाज माझाच होता, ओळखू आला नाही.

२५ एप्रिल
आता ठामपणे सत्य सांगायचं, म्हणून मीच फोन लावला. सून म्हणाली, "आत्याबाईंनी दोन दिस झाले सकाळची भाकरी सोडली. म्हनत्यात, त्या जेवल्याबिगर मला घास जात न्हाई." तब्येतीला जपा असं सांगून फोन ठेवला. हा विषय फोनवर बोलण्याचा नव्हेच.

२७ एप्रिल
पहिल्या गाडीनं कामथडी. तोंडानं सांगायचं वाक्य पाठ केलेलं. शेतात अजून कुणी नव्हतं. वारुळापाशी पीठ तसंच. गुडघ्यांवर बसलो आणि सगळं रुमालात वेचून घेतलं, कणन्कण. परतलो.
नवाला फोन. बाळाबाईंच्या तोंडात घास होता. "खाल्लं गुरुजी! समदं खाल्लं! उपाशी होत्या हो. आता सांजचंबी टाकत जाईन."
डेपोत चौकशी केली. संध्याकाळची गाडी पाचला आहे.