दोन थर विटा

आत्याबाई,

फाल्गुनात आपल्या घरी आलं ते असं: विटा चाळीस, त्यांचे ऐंशी रुपये. सिमेंट अर्धं पोतं, पंचाहत्तर. वाळू शेजारच्या बांधकामातली उरलेली, चार घमेली, मागून आणली म्हणून फुकट. गवंड्याची एका दिवसाची हजेरी दोनशे, शिवाय दोनदा चहा. एवढ्या सामानात तुमचा स्वयंपाकाचा ओटा दोन थर उंच झाला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्हाला न विचारता तुमच्या ओट्याला हात लावला, म्हणून आधी हिशेब मांडला. आता हकिकत सांगते, आणि ती जिंकल्याची हकिकत आहे हेही आधीच सांगून ठेवते.

मी नेसरीकडून लग्न होऊन आले ती तुमच्या घरातल्या बायकांत सगळ्यांत उंच. तुम्ही माझ्या खांद्याला लागत होता. जन्मभर तुम्ही चुलीपुढं उकिडव्या बसलात, धुरानं डोळे चुरचुरायचे. "माझी सून उभ्यानं सैपाक करंल," असं सगळ्या गल्लीला सांगून तुम्ही दुभती म्हैस विकलीत आणि मी आल्याच्या पहिल्याच महिन्यात ओटा बांधायला काढलात. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "सुनंसाठी म्हस इकली! आता सून दूध दील व्हय?" तुम्ही म्हणालात, "दील न्हाय तर न दील, तुमच्या दारात वाटी घेऊन येणार न्हाय." गवंड्यानं उंची विचारली तेव्हा तुम्ही सरळ उभ्या राहून आपल्या कमरेला हात लावलात. तुमची कंबर म्हणजे माझी मांडी. त्या काळ्या कडप्प्यावर मी रोज वाकून पीठ मळायची, भाकरी थापायची, भाजी चिरायची. तीन वर्षांत कंबर धरायला लागली. एकदा परातीतले हात तसेच ठेवून मी पाठ ताणली, तर तुम्ही दारातून ओरडलात, "एवढी ताडमाड बाई आन् कंबर दुखती म्हणतीस? मी एवढीशी, माझी दुखती का?" मी पुन्हा परातीवर वाकले.

तुमच्या मागं दुखणं वाढतच गेलं. लेप झाले, शेक झाले, उपासही झाले. शेवटी हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला, थोडी झीज आहे म्हणाले, कमरेला पट्टा दिला आणि बजावलं की वाकायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही. घरात कोण ऐकतंय? भाकरी काय वरून पडणार? वाकणं बंद झालं ते फक्त बस्तीत, आपल्या जैन मंदिरात. लहानपणापासून भगवंतापुढं गुडघे टेकून, कपाळ फरशीला लावून नमस्कार केल्याशिवाय मी अन्न घेतलं नव्हतं. आता भिंतीशी उभी राहून, पट्टा आवळून, नुसते हात जोडायची. पायऱ्यांवर म्हाताऱ्या बायका खुर्ची आणून द्यायच्या. माझं वय तेव्हा चाळीसही नव्हतं, आत्याबाई. तो नमस्कार मला परत हवा होता. दुखणं राहिलं असतं तरी एक वेळ चाललं असतं.

डॉक्टरांनी व्यायाम शिकायला म्हणून फिजिओथेरपीत पाठवलं. तिथली डॉक्टरीण म्हणजे कागलची एक पोरगी, आवाज खणखणीत. मी फोटोचं पाकीट पुढं केलं तर तिनं ते बाजूला ठेवलं. "बघीन नंतर. काकू, तुम्ही चप्पल काढताना भिंत धरली, ते मी बघितलं. आता चालून दाखवा." मग चालवलं, बसवलं, उठवलं. मागं उभी राहून खांदे न् कंबर सारख्या रेषेत आहेत का ते पाहिलं. पुढं वाकवलं, मागं वाकवलं. झोपवून एकेक पाय ताठ उचलला, पावलानं तिचा तळहात ढकलायला लावला, म्हणाली शीर दबलेली नाही. मग उलटतपासणी. सकाळी उठताना दुखतं का? नाही. कधी दुखतं? भाकरी झाल्यावर. कधी बिलकूल दुखत नाही? त्यावर मी पटकन बोलून गेले, "माहेरी गेल्यावर." ती हसायला लागली, "ते सगळ्याच बायकांचं तसंच असतं!" पण मग थांबली. माहेरी काय काम करता? म्हटलं, चुलीपुढं बसून भाकऱ्या, रानात भुईमुगाच्या शेंगा काढायच्या. "म्हणजे तिथं वाकता, जमिनीवर बसता, तरी दुखत न्हाय? उद्या येताना परात आणा, आन् पीठ आणा."

दुसऱ्या दिवशी मी परात पिशवीत घालून बसनं गेले. पलीकडच्या खाटेवर कमरेला वजन लावून एक जाडजूड गृहस्थ पडले होते. ते म्हणाले, "वैनी, झुणका पण आणलाय काय?" डॉक्टरीण म्हणाली, "पावणं, तुम्ही गप पडा, नाहीतर आणखी दोन किलो लावीन." मग तिनं विचारलं, ओटा कुठवर येतो? मी मांडीवर हात ठेवला. तिथलं एक टेबल जवळजवळ तेवढंच होतं. मी मळायला लागले. ती बाजूला उभी राहून बघत होती. "काकू, तुम्ही पीठ मळताय का ओट्याच्या पाया पडताय?" पाच मिनिटांत नेहमीची कळ आली. तिनं खाटेखाली लावायचे लाकडी ठोकळे आणले आणि टेबलाच्या चारी पायांखाली सरकवले. हात सोडून उभं राहायला लावलं, कोपर वाकवायला लावलं, कोपराखाली वीतभर अंतर मोजलं. "आता मळा." मी मळत राहिले. घड्याळात वीस मिनिटं झाली, कळ आली नाही. खाटेवरचे पाहुणे आडव्या अंगानंच टाळ्या वाजवत होते. मग तिनं पाण्याची भरलेली बादली उचलायला लावली आणि ओरडली, "पाय गाडलेत काय जमिनीत? कंबर कशाला पिळताय, पाय फिरवा की!" गुडघ्यात वाकून, वजन पोटाशी धरून, पावलं वळवून. पाणी गाळून हंडा उचलताना मी रोज कंबरच पिळत होते.

तेव्हा मला तुमचं बोलणं आठवलं. एवढी ताडमाड बाई आन् कंबर दुखती म्हणतीस. रोगाचं नाव तुम्ही तेव्हाच सांगितलं होतंत, आत्याबाई. आपल्या दोघींना कळलं नाही.

घरी तुमचा लेक ऐकेना. "आईनं म्हस इकून बांधलेला ओटा हाय. त्याला हातोडा लागणार न्हाय." एक महिना अबोला. मी भांडले नाही. ओट्याच्या कडेला चार विटा मांडून त्यावर पाट ठेवला आणि त्यांना म्हटलं, आज भाकरी तुम्ही थापा. आधी ओट्यावर, मग पाटावर. ते माझ्याएवढेच उंच. तिसऱ्या भाकरीलाच पाठ धरून ओट्यापासून बाजूला झाले, भाकरीचा नकाशा झाला होता तो वेगळाच. दुसऱ्या दिवशी स्वतः गवंडी घेऊन आले. कडप्पा न फोडता उचलला, खाली दोन थर विटा चढवल्या, तोच कडप्पा वर परत बसवला. आठ दिवस पाणी मारलं, तोवर स्टोव्हवर पिठलं-भात. पुढं चार महिने रोज सकाळी डॉक्टरिणीनं शिकवलेले व्यायाम, एक दिवस खाडा नाही. कळ आधी संध्याकाळची गेली, मग दुपारची. पट्टा खुंटीला गेला.

आणि आज बस्तीत मी भिंतीशी थांबले नाही. पुढं गेले. कुणाचा हात न धरता गुडघे टेकले, हात टेकले, कपाळ टेकलं. फरशी गार होती. तीन वेळा उठले, तीन वेळा वाकले. एक म्हातारी खुर्ची घेऊन आली होती, तिला म्हटलं, "तुम्हीच बसा, आज्जी, मी अजून दोन करणार हाय."

आता राहिलेलं सांगते. तुमचा लेक येणाऱ्या-जाणाऱ्याला ओटा दाखवून म्हणतो, आईचं माप चुकलं होतं. मी ऐकून घेते. पण ज्या दिवशी पहिल्यांदा कडप्पा बसला, त्या दिवशी तुम्ही मला हाक मारलीत. "हात लावून बघ गं, बरोबर हाय का? आत्ताच सांग, गवंडी हाय तोवर." विटा अंगणात शिल्लक होत्या. मी हात ठेवला तो मांडीपाशी गेला, आणि मला तेव्हाच कळलं. तुमचं तोंड इतकं फुललं होतं की मी म्हटलं, "अगदी बरोबर हाय, आत्याबाई." पंधरा वर्षं मी तुमच्या मापाखाली वाकले असं सगळ्यांना वाटतं. मी माझ्याच शब्दाखाली वाकले होते. हे कुणालाच ठाऊक नाही. हे पत्र काही पेटीत पडणार नाही, पाच रुपयांचं तिकीट वाचलं. तरी तुमच्या लेकाला खरं सांगू की तसंच राहू दे, तेवढं उलट टपाली कळवावं.