बटाट्याच्या चकत्या

निगडी,
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आई, आप्पा, वर्षालीवहिनी आणि मी ठीक आहोत. तूही असशील असं धरून लिहायला बसलो. आज कंपनीला सुट्टी. हे पत्र दुसऱ्यांदा उतरवतोय, कारण पहिल्या कागदावर ‘विश्वास’ हा शब्द खोडावा लागला. दहावी गणितात राहिली ती राहिलीच, पण शुद्धलेखनावर मी कुणाला बोट ठेवू दिलेलं नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. तुझे मेसेज आप्पांना मीच वाचून दाखवतो, शेजारी वहिनी बसलेली असते, आणि फोनवर मी काही विचारलं की तुझी रेंज जाते. पत्ता तू पाठवलेल्या जर्सीच्या पार्सलवरून घेतला. त्यात क्लबचं नाव नाही. इंडस्ट्रियल एरिया, रोड नंबर आणि खोली नंबर चौदा, एवढंच आहे.

एक बातमी आहे, ती तुला आयत्या वेळी सांगायचं ठरलंय. आप्पा आणि वहिनी बावीस तारखेला बहरीनला येताहेत. तिकिटं झाली, व्हिसाही आला. वहिनीने तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली आहे. मी आप्पांना म्हणालो, एवढ्या लांब कशाला, फोटो येतातच की. ते म्हणाले, “पोराला मैदानावर बघायचंय मला. फोटोत काय, कुनी बी उभं ऱ्हातं.” आई हसली. मला हसू आलं नाही.

माझ्या वहीत तुझे सगळे गोल आहेत. गोव्यातले सहा. मालदीवमधले नऊ, त्यातले दोन गुडघ्याला टाके असताना मारलेले. भूतानमधले अकरा. तिथं जर्सीवर तुझं नाव एक अक्षर गाळून छापलं होतं, आणि मी चिडलो तेव्हा तू म्हणालास, “गोल तर माझेच धरतात ना, मग झालं.” प्रत्येक गोलापुढे तारीख, समोरचा संघ आणि कितवं मिनिट. बहरीनच्या पानावर पाच गोल आहेत, पण मिनिट एकाचंही नाही. विचारलं की तू म्हणतोस, लक्षात नाही. पूर्वी तू न विचारता सांगायचास, बचाववाल्याचा कुठला पाय आधी हलला आणि तू कुठल्या बाजूने निसटलास.

मग मी बारकाईने बघू लागलो. तुझा निवांत फोन फक्त शुक्रवारी येतो. तिकडे सगळ्यांना सुट्टी असते त्याच दिवशी फुटबॉलवाल्यालाही सुट्टी कशी? डिसेंबरातल्या फोटोत जर्सीवर पाकिटातल्या घड्या जशाच्या तशा होत्या. मॅच संपल्यावरचा फोटो म्हणालास, आणि केस कोरडे.

तरीही तो फोटो मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना दाखवला. दाखवायची सवयच लागली आहे. आमच्या वेल्डिंग शॉपचे सोपानराव, चाकणच्या कंपनीतले जुने, त्यांनी चष्मा वर केला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. तोंड नाही, तुझा हात मोठा केला. म्हणाले, “ह्यो कुठल्या लायनीला हाय?”

मी सांगितलं, भाऊ आहे, फॉरवर्ड खेळतो.

“आसंल बाबा,” म्हणाले, आणि ताट घेऊन उठले.

मग मी बघितलं. हातमोजा संपतो तिथून कोपरापर्यंत बारीक काळे-तपकिरी डाग. तसेच ठिणग्यांचे डाग माझ्या हातावर आहेत. तेवढ्याच अंतरावर.

एवढ्यावरही मी स्वतःची समजूत घातली असती. पण गेल्या शुक्रवारी तू वहिनीला म्हणालास की मैदानावरच्या दिव्यांनी डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखं होतं, आणि आता बटाट्याच्या चकत्या ठेवून पडलो आहे. वहिनीला तो घरगुती उपाय वाटला. दादा, दिव्याखाली खेळणारा बटाटा शोधत नाही. बटाटा कोण ठेवतं ते आपल्या दोघांनाही कळतं. कामाच्या पहिल्या महिन्यात काच न लावता वेल्डिंगचा टाका मारायला गेलो होतो, तेव्हा माझ्या डोळ्यांवर चकत्या तूच ठेवल्या होत्यास.

इथपर्यंत मी तुझी उलटतपासणी केली. आता माझं लिहितो.

दोन वर्षांपूर्वी भूतानच्या क्लबने तुला पुढं ठेवलं नाही, तेव्हा तू मला फोन केलास. सहज विचारल्यासारखं विचारलंस, “आपल्या लायनीला जागा आहे का रे?” मी म्हणालो, भरती बंद आहे. भरती बंद नव्हती. त्याच आठवड्यात तीन माणसं घेतली. मला कायम करायची यादी लागणार होती आणि एका घरातले दोघे घेत नाहीत असं ऐकलं होतं. खरं की खोटं ते मी विचारलं नाही. प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणारा मी, तेवढी एकच तपासली नाही. आणि तू आला असतास तर मी परत गणराजचा धाकटा झालो असतो. तू तीन महिन्यांनी बहरीनला गेलास. क्लब मिळाला म्हणालास, आणि मी लगेच मानलं, कारण मानणं मला सोयीचं होतं.

म्हणून तू का लपवलंस, हे विचारायचा हक्क मला नाही.

घरात मी कुणाला काही बोललेलो नाही. आप्पांना मोतीबिंदूमुळे फोनवरचा फोटो नीट दिसत नाही, निदान तसं ते म्हणतात. पण त्यांनीही अठ्ठावीस वर्षं वेल्डिंग शॉपमध्ये काढली आहेत. बावीसच्या आत तू स्वतः फोन करून सांगितलंस तर उत्तम. मी शेजारी बसून राहीन. नाही जमलं तर त्यांना येऊ दे. उसनं मैदान दाखवू नकोस. विमानतळावर जर्सी घालून येऊ नकोस. साधा शर्ट घाल आणि बाह्या दुमडून ये. ते काही विचारणार नाहीत.

बहरीनचं पान मी फाडलेलं नाही. ते पाच गोल पेन्सिलने लिहिले होते, तसेच आहेत. भूतानपर्यंतचे सव्वीस शाईने आहेत.

चकती दर दहा मिनिटांनी बदलत जा. गरम झाली की तिचा उपयोग नसतो.

तुझ्या जागेवर उभा असलेला,
नवनाथ