नववी पायरी

शांतवन दाजी,

चर्चची दारं, घंटेचा खांब आणि पाणी सोसायटीच्या विहिरीची सोळा पायऱ्यांची लोखंडी शिडी मी कुणाकडं न शिकता माझ्या हातानं केली. दुष्काळात नववी पायरी निसटली, आणि आपल्या मार्थासकट चार बायका गेल्या. लाईट गेली म्हणून त्या पायरीला मी नुसता टाका मारला होता. वेल्डिंग पुरं केलंच नाही.

ईस्टरच्या पहाटे कबरीवर मेणबत्ती लावताना तुम्ही म्हणालात, "रडतोस कशाला रं? शेवटच्या दिवशी मार्था कबरीतून उठली की आधी तुलाच शिव्या देती बघ."

दाजी, मी त्याच आशेवर हाय. तिनं उठावं, मला शिव्या द्याव्यात.

तुम्हाला आजवर खरं सांगितलं नाही, पण खोटंही लिहून दिलं नाही. "शिडी पक्की होती, बायकांनीच गर्दी केली," एवढ्यावर सही करायला सोसायटीचे चेअरमन चाळीस हजार देत होते.

तुमचा मेहुणा,
याकोब