बेसिन खाली घेण्याच्या परवानगीबाबत

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार (मान आखडली आहे, तेव्हा उभ्यानेच केला असं समजा). तुमचा गुडघा कसा आहे? काकूंनी मीठ कमी केलंय ना? आम्ही सगळे ठीक. (हे खोडलं होतं, मग पुन्हा लिहिलं. रोजनिशीत काल 'ठीक नाही' अशी नोंद आहे, पण ती तुमच्यासाठी नव्हती.)

अकरा वर्षांपूर्वी ती जागतिक स्पर्धा संपली आणि तुम्ही बांधलेल्या क्रीडाग्रामातला फ्लॅट आम्हाला सोडतीत लागला, तेव्हा मी उड्या मारल्या होत्या. अजूनही मारतो, वरची खिडकी लावायला. आमच्या इमारतीत बास्केटबॉलवाले उतरले होते, म्हणून बेसिन माझ्या छातीशी आणि आईच्या हनुवटीशी येतं. आरसा त्याच्याही वर. त्यात मला माझं कपाळ दिसतं, आईला छत. उद्घाटनाच्या भाषणात तुम्ही म्हणाला होता, पुढच्या पिढ्या इथे मान वर करून जगतील. जगतोय. समोरच्या तुमच्या ऐंशी हजार खुर्च्यांच्या स्टेडियममध्ये आता एकटा रखवालदार असतो. विजेत्यांच्या चौथऱ्यावर तो तीन शर्ट वाळत घालतो. निळा कायम पहिला येतो. (मी हसलो. मग वाटलं, त्याच्याकडे असतीलच तीन.)

तोंड धुवायला आई स्टुलावर चढते. गेल्या महिन्यात स्टूल सरकलं. पडली नाही, नळाला लोंबकळली. नळ तेव्हापासून मान खाली घालून आहे. बेसिन खाली घ्यायचं ठरवलं, तर सोसायटीचे सचिव म्हणाले, "अहो, सगळं संकुल वारसा यादीत गेलंय. मूळ वास्तुकाराची सही आणा, मग हात लावा." मी म्हटलं, "ते माझे सख्खे काका." "मग त्यांना आधीच नव्हतं का सांगायचं?" (मनाला लावून घेऊ नका. ते स्वतः स्वयंपाकघरातल्या नळावर दाढी करतात.)

वहिनीसाठी तुम्ही नाही म्हणणार नाही, एवढ्या भरवशावर अर्ज जोडला आहे. फुली केली आहे तिथे सही करावी. काकूंना नमस्कार.

तुमचा पुतण्या

ता. क. सहीखाली मागच्या महिन्याची तारीख टाकाल का? प्लंबर आत्ताच येऊन गेला. बेसिन आणि आरसा, दोन्ही दीड फूट खाली आलेत. असं खोटं मी आजवर कुणाकडे मागितलं नव्हतं. आईच्या काळजीने मागतोय की तुम्ही नाही म्हणाल या भीतीने, ते अजून ठरत नाही.

ता. क. २ पाकीट चिकटवणार, तेवढ्यात आई तोंड धुवायला गेली. (इतकी वर्षं ती बघायची त्या हातआरशात एका वेळी एकच डोळा दिसतो.) बराच वेळ बाहेर आली नाही, म्हणून डोकावलो. आरशाकडे बघत म्हणाली, "ही म्हातारी कधी आली रे?" मग नळ बंद करून म्हणाली, "बेसिन राहू दे. आरसा होता तिथे टांग." तेव्हा सोबत दुसरा अर्जही आहे, आरसा परत वर नेण्याचा. त्यावर मात्र खरी तारीख घाला.